हिशोब जुळला आणि सोडत थांबली

निनावी अर्जाला एक कुपन टाचून आलं होतं. किंमत १०० रुपये, वर रुग्णवाहिकेचं चित्र, खाली बक्षिसांची यादी: पहिलं मोटारसायकल, मग शिलाई मशीन, मिक्सर, भिंतीवरची घड्याळं. सोडतीची तारीख दुसऱ्याच दिवसाची. अर्जात कामाची ओळ एकच होती, ‘संस्था सेवेच्या नावाखाली लॉटरी चालवते.’ साहेबांनी ‘तात्काळ तपासणी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा मारला आणि सकाळच्या एसटीने मी त्या गावी निघालो.

मी धर्मादाय कार्यालयात निरीक्षक आहे. आमच्याकडे बहुतेक भांडणं येतात. विश्वस्तांची आपसांतली, चेंज रिपोर्टवरच्या, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या नोंदीवरच्या हरकतींची, वर्षानुवर्षं न भरलेल्या ऑडिटची. कुपनांच्या तक्रारी येतात त्या सणासुदीच्या आसपास आणि बऱ्याचदा सोडत होऊन गेल्यावर. लोकांचा एक ठाम गैरसमज असतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली आमची परवानगी लागते. ती मिळाली की कुपनंही छापता येतात, असं मंडळवाले धरून चालतात. तसं नाही. वर्गणी देणाऱ्याला पावतीशिवाय काही मिळायचं नसतं. कुपन घेणाऱ्याला गाडी मिळण्याची आशा विकलेली असते. आमचा कागद त्या आशेला लागू होत नाही.

खोटी सोडत कशी असते ते आता मला दुरूनच कळतं. तारीख ‘अपरिहार्य कारणास्तव’ पुढे जाते. छापखान्याचं बिल मिळत नाही, किंवा मिळालं तर त्यावर पुस्तकांची संख्या नसते. एकाच क्रमांकाची पुस्तकं दोन छापखान्यांतून छापलेली असतात. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चालणारी युक्ती म्हणजे न विकलेल्या कुपनांच्या स्थळप्रतीही, म्हणजे पुस्तकात राहणारे अर्धे भागही, सोडतीच्या पिंपात टाकायचे. निम्मी कुपनं विकलेली नसतील, तर निम्मी बक्षिसं घरातच राहतात आणि वर ‘विजेता आला नाही’ असं फलकावर लिहिता येतं. फसवणूक झाली हेसुद्धा कुणाला कळत नाही, कारण एकूण किती कुपनं छापली हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. शंभर रुपये देताना माणूस बक्षिसांची यादी वाचतो, मागची बाजू वाचत नाही. चिठ्ठी काढायला लहान मूल उभं केलं की सगळ्यांची खात्री पटते. मूल प्रामाणिकच असतं. पिंपात काय आहे ते त्या मुलाला ठाऊक नसतं.

त्या दिवशी मी हेच सगळं शोधायला गेलो होतो.

संस्था नोंदणीकृत होती. सचिव म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. गावात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’च म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणालो. त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ३७ खाली दप्तर पाहायचं आहे असं सांगितल्यावर त्यांनी किल्ल्यांचा जुडगा पुढे केला आणि म्हणाल्या, “साहेब, कुठून सुरू करायचं? छापखान्यापासून की बँकेपासून?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

छापखान्याचं बिल: ४०० पुस्तकं, प्रत्येकी २५ कुपनं, क्रमांक १ ते १०,०००. बिलावर छापखान्याने लिहून दिलेलं होतं की छपाईची प्लेट नष्ट केली आहे. पुस्तक वाटप रजिस्टरमध्ये कुठलं पुस्तक कोणत्या कार्यकर्त्याने नेलं, कधी नेलं, कधी परत केलं, किती रोख भरली, आणि सही. विकलेल्या प्रत्येक कुपनाच्या स्थळप्रतीवर घेणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर. रोख दुसऱ्या दिवशी बँकेत, भरणा पावती कीर्दीच्या त्याच पानाला चिकटवलेली. परत आलेल्या प्रत्येक कुपनावर लाल शाईने आडवी रेघ, त्यावर दोन विश्वस्तांच्या सह्या, डावा कोपरा कात्रीने कापलेला आणि पन्नास-पन्नासचे गठ्ठे सुतळीने बांधलेले.

एक पुस्तक कमी होतं. मी मनात म्हटलं, सापडलं. बाईंनी न विचारता एक फाइल उघडली. एका कार्यकर्त्याकडून ते पुस्तक प्रवासात हरवलं होतं. पोलिसात गहाळ झाल्याची नोंद होती, ते २५ क्रमांक रद्द केल्याची सूचना संस्थेच्या फलकावर होती आणि कार्यकारिणीचा तसा ठरावही होता. विकली ७,४१२, परत २,५६३, हरवली २५. बेरीज बरोबर १०,०००. बँकेत ७,४१,२०० रुपये.

मी मुद्दाम पुस्तकं मधूनमधून उचलली. काही स्थळप्रतींवरच्या नंबरांवर फोन लावले. लोकांनी कुपन काढून क्रमांक वाचून दाखवले, सगळे जुळले. मग पिंप पाहिलं. पत्र्याचं, आडवं, दांड्याने फिरणारं, एका बाजूला झडप. त्यात फक्त विकलेल्या स्थळप्रती पडणार होत्या आणि सगळ्या एकाच पद्धतीने, दोन घड्या घालून ठेवलेल्या. घडीचं महत्त्व बाहेरच्यांना वाटत नाही. एखादी चिठ्ठी चार घड्यांची जाड केली किंवा घडीच घातली नाही, तर हाताला ती नेमकी लागते. बाईंनी शाळेतल्या मुलींना बसवून सगळ्या घड्या एका मापाच्या करून घेतल्या होत्या. मोटारसायकलवरच्या ३० टक्के आयकराचंही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. बक्षीस वस्तूच्या रूपात असलं तरी कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय ते द्यायचं नसतं, ही गोष्ट मोठमोठ्या संस्थांच्या हिशोबनिसांना सांगावी लागते.

इतकं स्वच्छ दप्तर मी पाहिलेलं नाही. दुपारी जेवायला उठेपर्यंत मला कळून चुकलं होतं की याच दप्तराच्या आधारे मला संस्थेच्या विरोधात लिहावं लागणार.

कायदा सरळ आहे. बक्षीस, नशीब आणि पैसे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी. पैसे कशासाठी गोळा केले, हा त्यातला चौथा मुद्दा नाही. राज्य सरकारची किंवा राज्य सरकारने अधिकृत केलेली लॉटरी सोडून दुसऱ्या कुठल्याही लॉटरीची सोडत काढण्यासाठी जागा चालवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तशी जाहिरात केली तर पाच हजारांपर्यंत दंड. जुन्या दंडसंहितेत हेच कलम २९४ अ होतं आणि दंड एक हजार होता. १ जुलै २०२४ पासून आकडा वाढला, बाकी तेच राहिलं.

विश्वस्तांमध्ये एक तरुण वकील होते. ते म्हणाले, “साहेब, हा जुगार कसा? पैसा रुग्णवाहिकेला चाललाय.” संस्थेच्या मूलभूत हक्कांचाही विषय त्यांनी काढला. मी त्यांना १९५७ च्या चमारबागवाला निकालाची आठवण दिली. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून मुंबई राज्याविरुद्ध लढलेल्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचं संरक्षण नाकारलं. वकील गप्प झाले. बाई मात्र झाल्या नाहीत.

“मला परवानगी मागायची होती,” त्या म्हणाल्या. “तहसीलमध्ये गेले, त्यांनी पोलीस ठाण्यात पाठवलं. तिथून तुमच्या कार्यालयात. तुमच्याकडच्या माणसाने सांगितलं, तुमची संस्था नोंदलेली आहे, तुम्हाला परवानगी लागत नाही.” त्यांनी तिन्ही ठिकाणच्या अर्जांच्या पोच दाखवल्या.

आमच्या माणसाने दिलेलं उत्तर वर्गणीपुरतं बरोबर होतं. कुपनांबद्दल त्याने काहीच सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्याच्यासमोर काही नव्हतं. लॉटरीवर नियंत्रण आणि कर यांसाठी राज्याचा १९५८ चा कायदा आहे. पण एखाद्या सेवाभावी संस्थेने त्याखाली मिळवलेला परवाना माझ्या हातात आजवर आलेला नाही. केंद्राचा १९९८ चा कायदा राज्य सरकारांच्या लॉटऱ्यांना अटी घालतो: तिकीट सरकारनेच छापायचं, त्यावर सरकारचं चिन्ह हवं, सोडत त्याच राज्यात आणि सरकारनेच काढायची, एका लॉटरीची आठवड्यात एकाहून जास्त सोडत नाही, न नेलेलं बक्षीस सरकारजमा. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी १९६९ पासून चालू आहे. म्हणजे सोडत स्वच्छ कशी ठेवायची हे शासनाला उत्तम ठाऊक आहे. गावातल्या संस्थेने तेवढीच स्वच्छ सोडत काढायची म्हटली, तर तिला अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे सांगणारा माणूस मिळत नाही.

चारच्या सुमारास पोलीस ठाण्यातून हवालदार आले. तोच निनावी अर्ज त्यांच्याकडेही गेला होता. मी हिशोब जुळल्याचं सांगितलं, तर ते म्हणाले, “साहेब, तुमचा हिशोब जुळला म्हणजे आमचा गुन्हाही जुळला. कुणी विकलं, कुणाला विकलं, कितीला विकलं, सगळं लिहूनच ठेवलंय. एरवी हे गोळा करायला आम्हाला महिना लागतो.”

माणूस सरळ होता आणि बोलला ते खरं होतं. ज्या मंडळांकडे रजिस्टरच नसतं, त्यांच्याविरुद्ध आम्हाला काहीच सिद्ध करता येत नाही. तिथे आम्ही ‘हिशोब ठेवला नाही’ एवढा शेरा मारतो आणि नोटीस काढतो. बाईंनी हिशोब ठेवला म्हणून त्यांच्यावर कलम लागू शकत होतं.

बाईंनी मला विचारलं, “तुम्ही सोडत थांबवताय का?” मी सांगितलं, तो अधिकार मला नाही. मी तपासू शकतो आणि वर लिहू शकतो. पण सोडत निघाली तर काय लिहावं लागेल, ते कलम मी त्यांना वाचून दाखवलं. विश्वस्त बाजूच्या खोलीत बसले. आतून आवाज चढलेले ऐकू येत होते. कुणाचं तरी म्हणणं होतं की दरवर्षी सगळीकडे होतं, आपणच का घाबरायचं. बाहेर आल्यावर बाई थेट माइककडे गेल्या.

मंडपात गर्दी होती. मोटारसायकल हार घालून उभी होती. बाईंनी कुठलीही सबब सांगितली नाही. सोडत कायद्यात बसत नाही असं आज कळलं, म्हणून ती होणार नाही. ज्याला पैसे परत हवेत त्याने कुपन आणावं, उद्यापासून संस्थेत मिळतील. ज्याला ते देणगी म्हणून ठेवायचे असतील त्याने तसं लिहून द्यावं, पावती मिळेल. झालं. मागून कुणीतरी ओरडलं, “गाडी कुणी पचवली?” आणि लोक हसले. ज्या बाईने हरवलेल्या पंचवीस कुपनांचाही ठराव करून ठेवला, तिला हे ऐकावं लागलं. त्या गावातल्या इतर मंडळांच्या सोडतींत वर्षानुवर्षं ओळखीच्याच घरी फ्रीज जातात, तिथे असं कुणी ओरडत नाही. मला तेव्हा माइक घेऊन दप्तरात काय पाहिलं ते सांगायचं होतं. पण तपासणी चालू असताना निरीक्षकाने जाहीर मत द्यायचं नसतं.

पुढे बऱ्याच जणांनी पैसे परत नेले, त्याहून जास्त जणांनी ठेवू दिले. मोटारसायकल ज्याने दिली होती त्याच्या लेखी संमतीने ती बंद लिफाफ्यांतल्या बोलीने विकली गेली. लिलावात नशिबाचा भाग नसतो, म्हणून त्यात अडचण नव्हती. पोलिसांनी बाईंचा जबाब घेतला आहे, पुढे काय होईल ते त्यांच्याकडे.

माझ्या अहवालात दोन परिच्छेद होते. पहिला हिशोबाचा, दुसरा कलम २९७ चा. पहिल्यावर वरून पेन्सिलने खूण आली: ‘तक्रारीशी संबंधित नाही, वगळावा.’ मी वगळला नाही. तक्रार सेवेच्या नावाखाली लॉटरी चालवल्याची होती, तेव्हा पैसा सेवेलाच चालला होता का, हे लिहिणं माझं काम होतं. बरीच चर्चा झाली आणि तो परिच्छेद परिशिष्टात गेला. फाइल उघडणारे परिशिष्ट वाचत नाहीत, हे मला माहीत आहे.

त्यानंतर मी ब्रिटनची पद्धत शोधून वाचली. तिथल्या २००५ च्या जुगार कायद्यात छोट्या संस्थांच्या लॉटरीसाठी वेगळी वाट आहे. संस्था स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदवायची, एका सोडतीची विक्री २०,००० पौंडांच्या आत ठेवायची, किमान २० टक्के रक्कम सत्कार्याला गेली पाहिजे, आणि सोडतीनंतर तीन महिन्यांत संस्थेच्या दोन सदस्यांच्या सहीने हिशोब द्यायचा. दोन सह्या वाचून मला लाल शाईच्या त्या आडव्या रेघा आठवल्या. बाईंनी यातलं काहीही न वाचता तेच केलं होतं.

मी वर एक टिप्पणी पाठवली आहे. नोंदणीकृत संस्थेला वर्षातून एक सोडत काढू द्यावी. विक्रीला कमाल मर्यादा असावी. छापखान्याचं बिल आणि पुस्तकांचे क्रमांक विक्रीआधी आमच्याकडे जमा व्हावेत. न विकलेली कुपनं सोडतीच्या आदल्या दिवशी निरीक्षकासमोर रद्द करावीत, आणि पिंपात पडणाऱ्या स्थळप्रती तिथेच मोजाव्यात. सोबत बाईंच्या पुस्तक वाटप रजिस्टरचं एक पान, नावं झाकून, नमुना म्हणून जोडलं आहे. टिप्पणी अजून आवक नोंदवहीतच आहे.