सासऱ्यांच्या वाटेने कार्मेलमातेकडे

दर वर्षी १६ जुलैला न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये, ११५व्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये, कार्मेलमातेचा, म्हणजे मरियामातेच्या एका रूपाचा, उत्सव भरतो आणि दर्शनाला कॅरिबियनमधल्या हैती देशाची माणसे लोटतात. बहुतेक जण सबवेने किंवा भाड्याच्या बसने येतात. माझे सासरे, ज्यांना मी माझ्या नवऱ्याप्रमाणे पापाच म्हणत असे, ब्रुकलिनमधल्या फ्लॅटबुशपासून तिथवर पायी जात. अंतर साधारण वीस किलोमीटर आहे. २०२४च्या सुरुवातीला, ऐन थंडीत ते वारले, आणि त्यांची वारी चुकू द्यायची नाही असे ठरवून त्याच जुलैत मी आणि माझा मुलगा त्यांच्या वाटेने निघालो.

पापांचा जन्म हैतीच्या मध्य पठारावरील मिर्बाले गावचा. तिथून जवळच सोदो नावाचा धबधबा आणि व्हिल बोनर हे छोटे गाव आहे. १८४०च्या दशकात तिथल्या एका ताडाच्या झाडावर मरियामातेने दर्शन दिले अशी श्रद्धा आहे, आणि तेव्हापासून दर जुलैत तिथे यात्रा भरत आली आहे. हजारो भाविक धबधब्याखाली स्नान करतात. त्यांच्यातले कित्येक जण व्होडू या आफ्रिकी मुळांच्या धर्मपरंपरेतल्या एझिली या देवतेलाही त्याच मातेच्या ठायी पाहतात. पापा स्वतः जपमाळेचे आणि मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेचे, कॅथलिक, पण धबधब्यात उतरणाऱ्यांविषयी त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही. लहानपणी आईचे बोट धरून ते ही वाट चालले होते आणि चर्चच्या आवारात उघड्यावर रात्र काढली होती, एवढेच ते सांगत.

१९५७ साली फ्रान्स्वा दुवालिए सत्तेवर आले, १९७१ साली त्यांच्या जागी त्यांचा मुलगा बसला, आणि तोंतों माकूत या दुवालिएंच्या सशस्त्र हस्तकांच्या दहशतीपायी व उपासमारीपायी हैतीची माणसे देश सोडत राहिली. पापा त्या लोंढ्यात सत्तरच्या दशकात एकटेच न्यूयॉर्कला आले, रात्रपाळीची टॅक्सी चालवू लागले, आणि पै पै साठवून बायको आणि मुलांना आणायला त्यांना बरीच वर्षे लागली. मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा दाराशीच एक निळे प्लास्टिकचे पिंप उभे होते. त्यात तांदूळ, तेलाचे डबे, साबण, मुलांचे बूट, वह्या असे जमेल तसे भरत जायचे, आणि तोंड बंद होईनासे झाले की पिंप जहाजाने मिर्बालेला रवाना व्हायचे. ते गेले की त्याच जागी दुसरे रिकामे पिंप यायचे. २०१०च्या १२ जानेवारीला भूकंप झाला, त्यानंतर कित्येक महिने त्या दारातून पिंपांच्या गर्दीमुळे अंग चोरूनच आत शिरावे लागे.

आम्ही पहाटे पाचला घर सोडले. फ्लॅटबुश अव्हेन्यू सरळ धरायचा, प्रॉस्पेक्ट पार्कच्या कडेकडेने जायचे आणि ब्रुकलिन पूल ओलांडायचा, हा पापांचा ठरलेला मार्ग. पुलावर ते दर वेळी थांबत, कारण २० एप्रिल १९९० रोजी हजारो हैतीयन याच पुलावरून मोर्चाने गेले होते आणि त्यांत पापाही होते. हैतीत जन्मलेल्या माणसांचे रक्त एड्सच्या भीतीने घेऊ नये, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या वर्षी काढला होता. माणूस कसा आहे हे न पाहता त्याच्या जन्मभूमीवरच ठपका ठेवणारा हा नियम होता, आणि वर्ष संपता संपता तो मागे घ्यावा लागला. रात्रपाळी संपवून, न झोपता, खिशात जपमाळ ठेवून पापा त्या मोर्चात चालले होते. हा मोर्चा आणि कार्मेलमातेची वाट यांत त्यांनी कधी फरक केला नाही. मला वाटते त्यांचा धर्म समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करायला हवी: ते बोलून फार प्रार्थना करत नसत, दुसऱ्याच्या वतीने चालत असत.

पूल उतरल्यावर बार्कले स्ट्रीटवरचे सेंट पीटर्स चर्च लागते. हैतीत १७६६ साली गुलामगिरीत जन्मलेले पिएर तुसाँ न्यूयॉर्कला आणले गेल्यावर सुमारे सहासष्ट वर्षे रोज सकाळी या चर्चमध्ये मिस्साला जात. केशभूषेच्या कामातून त्यांनी पैसे मिळवले, धनी वारल्यावर त्याच्या विधवेचा सांभाळ केला, पत्नीला गुलामीतून सोडवले आणि अनाथ मुलांना घरात वाढवले. १८५३ साली ते वारले तेव्हा मॉट स्ट्रीटच्या जुन्या सेंट पॅट्रिकमध्ये त्यांना पुरले. १९९० साली त्यांचे अवशेष फिफ्थ अव्हेन्यूच्या मोठ्या कॅथीड्रलच्या तळघरात हलवले गेले. पापा मॉट स्ट्रीटला आणि कॅथीड्रलला, दोन्हीकडे, टोपी काढून उभे राहत. माझ्या मुलाला तुसाँची गोष्ट आजोबांकडूनच ऐकून पाठ आहे. मॉट स्ट्रीटच्या विटांच्या भिंतीपाशी त्याने ती मला पुन्हा सगळी सांगितली, आणि मध्ये कुठे खाकरायचे हेही आजोबांसारखेच.

दुपारपर्यंत उकाड्याने जीव नकोसा झाला. पन्नासाव्या रस्त्यापुढे पाय दुखू लागले तेव्हा मला आजी आठवली. आळंदीहून पंढरपूर, जवळपास अडीचशे किलोमीटर, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन ती माउलींच्या पालखीबरोबर जायची. लग्नानंतर मी तिचा तसा एक फोटो पापांना दाखवला होता. किती दिवस चालते, कुठे झोपते, रस्त्यात जेवण कोण देते, असे सगळे त्यांनी बारकाईने विचारले. हैतीत दुसऱ्याच्या दारात उभे राहून पाहुणा ‘ओने’ म्हणतो आणि घरातले ‘रेस्पे’ म्हणून त्याला आत घेतात. माझी आजी फ्लॅटबुशला कधी येणार नव्हती, तरी फोटो परत देताना पापा खुर्चीतून उठले आणि तिला उद्देशून ‘रेस्पे’ म्हणाले. परधर्मातली सून घरात कशी सामावेल ही माझी धास्ती त्या दिवशी संपली.

हार्लेमचे हे चर्च इटालियन स्थलांतरितांनी १८८४ साली उभे केले, आणि तरीही १९१९पर्यंत त्यांना स्वतःला तळघरातच प्रार्थना करावी लागे. ज्यांना खाली बसवले होते त्यांच्याच मातेच्या पायाशी पुढे हैतीची माणसे आली. फिकट निळे पोशाख घातलेल्या बायका, हातांत मेणबत्त्या आणि फुले, क्रेओल या हैतीच्या भाषेतली गाणी. मिस्सा झाल्यावर दिवस कलताना मूर्ती मिरवत निघाली, तेव्हा पंढरपुरात आषाढी एकादशीची पहाट होत होती. त्या वर्षी एकादशी १७ जुलैला आली होती, म्हणून दोन्ही वाऱ्यांचा असा मेळ बसला. मिरवणुकीत माझ्या तोंडी विठ्ठलाचे नाव आले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी ते ऐकले, काही न विचारता आपली मेणबत्ती माझ्या हातात दिली आणि स्वतः जपमाळ ओढू लागल्या.

पापांची वही आमच्याबरोबर होती. गुडघे गेलेले, अंथरुणाला खिळलेले, कागदपत्रांअभावी घाबरून घरात बसलेले शेजारी वारीआधी त्यांच्याकडे येत आणि आपले नाव लिहवून घेत. मूर्तीपुढे उभे राहून पापा ती नावे एकेक करून वाचत. काही नावांपुढे त्यांनी क्रॉस काढला होता. ती माणसे गेलेली होती, तरी त्यांची नावे त्यांनी वगळली नव्हती. मुलाने पहिल्या पानापासून सगळी यादी वाचली, मागच्या रांगेने त्याला वेळ दिला, आणि शेवटी त्याने ग्रॅनपेंचे, म्हणजे आजोबांचे, नाव वाचून त्यापुढे स्वतः क्रॉस काढला.

२०२५च्या वसंतात सशस्त्र टोळ्या मिर्बालेत घुसल्या आणि तिथली माणसे परागंदा झाली; त्या जुलैत सोदोची यात्रा नेहमीसारखी भरू शकली नाही. नवऱ्याच्या आत्या एका नातेवाइकाच्या घरी आसऱ्याला होत्या. यंदा पायी निघणार आहात का, हे विचारायला त्यांचा फोन आला, आणि आम्ही हो म्हटल्यावर त्या नावे सांगू लागल्या. आधी घरची, मग आळीतली, मग ज्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता त्यांची. मुलगा लिहीत होता आणि प्रत्येक नावाचे अक्षर पुन्हा विचारून घेत होता.