एका पुस्तकाला एकच तारीख नसते

ग्रंथालयाच्या डिजिटायझेशन विभागात हक्कतपासणीचं, म्हणजे पुस्तकावरचा कॉपीराइट संपला का हे पाहण्याचं, काम माझ्याकडे आहे. पुस्तक संकेतस्थळावर सर्वांसाठी खुलं करता येईल की नाही, हे मी ठरवते. लेखकाच्या मृत्यूच्या वर्षात ६० मिळवले की उत्तर येतं, असा समज आहे आणि बहुतेक पुस्तकांचं कामही तेवढ्यात भागतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त. पण 'बहिणाबाईंची गाणी' टेबलावर आलं आणि आमच्या फॉर्ममधला 'लेखकाचा मृत्यू' हा एकुलता एक रकाना अपुरा पडला.

प्रत १९५२ ची, ग्रंथालयाने बांधून घेतलेली, मूळ मुखपृष्ठ गेलेलं. संपूर्ण पीडीएफ लगेच चढवावी, असा वरून आग्रह होता.

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि पुस्तक पुढच्या वर्षी आलं. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या साहित्याला कॉपीराइट कायद्याचं कलम २४ लागतं. तिथे ६० वर्षं मृत्यूपासून नव्हे, प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे मुदत २०१२ अखेर संपली. एखादी कविता त्यांच्या हयातीतच कुठे छापली गेली असेल, तर ती एक वर्ष आधीच मुक्त झाली. एका सहकाऱ्याने शंका काढली: गाणी लिहून ठेवली बहिणाबाईंचे चिरंजीव सोपानदेवांनी, ते गेले १९८२ मध्ये, मग २०४२ पर्यंत थांबायचं का? नाही. दुसऱ्याची रचना ऐकून उतरवून घेणारा तिचा लेखक होत नाही. सोपानदेवांनी स्वतः लिहिलेला मजकूर असेल, तर तेवढ्यालाच २०४२ लागू.

अडलं ते प्रस्तावनेपाशी. ती आचार्य अत्र्यांची. अत्रे १३ जून १९६९ ला गेले, तेव्हा प्रस्तावनेवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत जिवंत आहे. "एवढ्या पानांसाठी कोण विचारायला येतंय?" हे वाक्य मी कार्यालयात फार ऐकते आणि मला त्याचा संताप येतो. ग्रंथालयानेच हिशेब पाळला नाही, तर उद्या आपल्या 'मुक्त' या शिक्क्यावर कोणी विश्वास ठेवायचा?

२०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये सोय केली आहे. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. त्यामुळे पूर्ण पुस्तक ४०० डीपीआयला टिफ या चित्र-फाइलच्या प्रकारात स्कॅन करून बंद सर्व्हरवर ठेवलं. लोकांसाठीची पीडीएफ वेगळी. पहिल्या मसुद्यात ऑपरेटरने प्रस्तावनेवर पांढरे चौकोन टाकले होते. दिसायला पान कोरं, पण ओसीआरचा, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून संगणकाने बनवलेला, अदृश्य मजकूर खाली तसाच होता. पान निवडून कॉपी केलं की सगळी प्रस्तावना हातात. म्हणून झाकायचं नाही. ती पानं वगळून टिफपासून नवी पीडीएफ बनवायची आणि त्या जागी कारण व तारीख सांगणारं एक पान घालायचं. पृष्ठक्रमांक मात्र मूळचेच ठेवायचे, म्हणजे जानेवारी २०३० मध्ये पानं जागच्या जागी बसतात.

ओसीआरने आणखी एक घोळ घातला. शब्दतपासणीने लेवा बोलीतली रूपं प्रमाण मराठीत 'सुधारली'. कविता मुक्त झाली तरी तिची मोडतोड करण्याची मुभा मिळत नाही; कलम ५७ प्रमाणे लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का लावणाऱ्या बदलांवर वारस आजही आक्षेप घेऊ शकतात. शब्दतपासणी बंद केली आणि प्रत्येक ओळ छापील पानाशी ताडून घेतली.

नव्या आवृत्त्यांवर 'सर्व हक्क स्वाधीन' असतं. तो हक्क नव्या टिपांवर, नव्या चित्रांवर. १९५२ च्या कवितांवर नाही. काही ग्रंथालयं आपल्या स्कॅनवर हक्काचा वॉटरमार्क उमटवतात, ते तर मला मुळीच पटत नाही. नुसत्या श्रमातून कॉपीराइट जन्मत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

आता राहिलेला गुंता. आमचं संकेतस्थळ अमेरिकेतल्या सर्व्हरवर होतं. १ जानेवारी १९९६ ला भारतात ज्या कृतींचा हक्क चालू होता, त्यांना अमेरिकेने आपल्याकडे संरक्षण दिलं आणि १९५२ च्या पुस्तकाला ते प्रकाशनापासून ९५ वर्षं मिळतं. म्हणजे ३१ डिसेंबर २०४७ पर्यंत. जळगावात कोणीही बेधडक छापाव्यात अशा या कविता अमेरिकेत अजून बांधलेल्याच आहेत. फाइल भारतातल्या सर्व्हरवर हलवून घेतली, पण त्याने आमच्यापुरतंच निभावलं. तिकडच्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाने स्मरणिकेत ही गाणी छापायची परवानगी विचारली, तर ती देण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. त्यांना वारसांकडे पाठवण्यापलीकडे मला अजून उत्तर सापडलेलं नाही.