प्रेपोझिशनची वही: ‘वर’चा खण पूर्ण, ‘चा’चा सुरू

कोणत्या इंग्रजी नामापुढे कोणतं प्रेपोझिशन (ऑन, टू, फॉर यांसारखा जोडणारा शब्द) येतं, याची ही वही. त्यातली नामं आता इंग्रजी अक्षरांप्रमाणे न लावता ‘वर’, ‘चा’, ‘ला’ अशा मराठी प्रत्यय-अव्ययांप्रमाणे खणांत लावली आहेत. चूक शिरते ती मराठीच्या सवयीतून, म्हणून खणही मराठीचेच.

‘वर’चा खण लवकर आटोपला. परिणाम, हल्ला, बंदी यांना इंग्रजीतही ऑनच लागतो: इफेक्ट ऑन, अटॅक ऑन, बॅन ऑन. घात होतो उपाय आणि विश्वास या दोघांत. ‘समस्येवर उपाय’ डोक्यात असला की सोल्यूशन ऑन उतरतं. हवं सोल्यूशन टू. आन्सर आणि ‘की’ (किल्ली) हीसुद्धा टू घेतात, रेमेडी आणि क्युअर मात्र फॉर. विश्वासाची ट्रस्ट, फेथ, बिलीफ, कॉन्फिडन्स ही चारही नामं इन घेतात, त्यामुळे ती एकत्रच घोकावीत.

‘चा’चा खण चिवट आहे. आगीचं कारण म्हणजे कॉज ऑफ द फायर, पण राजीनाम्याचं कारण रीझन फॉर द रेझिग्नेशन. मग कॉज फॉर कन्सर्न कसं चालतं? तिथे कॉज काही घडवत नाही, काळजी करण्याजोगं निमित्त देतं. अर्थ रीझनकडे सरकला की प्रेपोझिशनही सरकतं. डिमांडचंही तसंच: कांद्याची मागणी डिमांड फॉर अनियन्स, पण नोकरी आपल्याकडून जे मागते ते डिमांड्स ऑफ द जॉब. ‘वाढ’ लिहिताना आधी पाहावं की पुढे वस्तू आहे की आकडा: इन्क्रीज इन प्रायसेस, इन्क्रीज ऑफ 5 पर्सेंट. विशेषणाचं प्रेपोझिशन नामाला चिकटवू नये. प्राउड ऑफ, पण प्राइड इन. फाँड ऑफ, पण फाँडनेस फॉर.

पडताळणीसाठी गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर: पुस्तकांत एखादा शब्दप्रयोग किती येतो, याचा वर्षवार आलेख ते काढतं. नुसतं ‘रीझन ऑफ’ टाकलं तर आलेख फुगतो, कारण जुन्या कायदेशीर लेखनातलं ‘बाय रीझन ऑफ’ त्यात मोजलं जातं. ‘रीझन ऑफ’ आणि ‘रीझन फॉर’ या दोन्ही जोड्यांच्या आधी ‘द’ लावा, स्वल्पविरामाने एकत्र टाका आणि वर्षं 1950 पासून पुढची घ्या. तरीही विवेकबुद्धी या अर्थाचा रीझन थोडा उरतो. तो उदाहरणं वाचूनच वगळावा लागतो. ‘नीड ऑफ’मध्ये ‘इन नीड ऑफ’ असंच मिसळतं. गरज दाखवायला नीड फॉर हेच सुरक्षित.

पुढचा खण ‘ला’चा. पहिलं नाम पर्याय: ऑल्टर्नेटिव्ह टू, सब्स्टिट्यूट फॉर, रिप्लेसमेंट फॉर.