सुई टोचण्याआधी कोपरात बघा

इथे ब्रिटनमध्ये डायलिसिसचा फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर यांची जोडणी) करण्याआधी दोन्ही हातांची सोनोग्राफी होते. ती बऱ्याचदा डॉक्टर करत नाहीत, त्यासाठीच शिकलेले व्हॅस्क्युलर सायंटिस्ट करतात. जळगाव-धुळ्याला तसं जमणार नाही. 1994च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे मशीनची नोंदणी हवी आणि तपासायला पात्र डॉक्टरच हवा. तपासायची रीत मात्र जशीच्या तशी घ्यावी.

लिनिअर प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा, सरळ तोंडाचा भाग) घ्या, 10 ते 15 मेगाहर्ट्झचा. कोपराच्या थोडं वर प्रोब आडवा धरा. तिथे ब्रेकियल, म्हणजे दंडातली मुख्य धमनी एकटी दिसायला हवी. दोन धमन्या दिसल्या तर दोन्ही काखेपर्यंत बघत जा. बहुतेक वेळा रेडियल (अंगठ्याच्या बाजूची धमनी) कोपराच्या वरूनच फुटलेली निघते, आणि हाताच्या धमन्यांमधला हाच फरक सगळ्यात जास्त सापडतो. हे माहीत नसलं तर सर्जन फिस्टुलासाठी नेमकी बारीक धमनी उचलतो.

खरी भीती वरवरच्या अल्नर (करंगळीच्या बाजूच्या) धमनीची. ती स्नायूंखालून न जाता कातडीच्या अगदी खालून जाते आणि कोपरात हुबेहूब शिरेसारखी दिसते. त्यात इंजेक्शन गेलं तर बोटं काळी पडू शकतात. आवळपट्टा घट्ट असला की ठोकाही लागत नाही, म्हणून पट्टा सोडून तपासा. प्रोब हलका दाबला की शीर मिटते. धमनी मिटत नाही, उडत राहते.

व्यास मोजताना आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत मोजा, आणि प्रोबचा भार हातावर टाकू नका. मनगटाशी रेडियल 2 मिलिमीटरपेक्षा बारीक असली तर तिथला फिस्टुला टिकणं अवघड. पण थंडीत धमनी आकसते. हिवाळ्यात धुळ्याचा पाराही पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा जेल कोमट करा, "आबा, हात पांघरुणात ठेवा" म्हणा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा.

तळहातासाठी कलर डॉपलरचा, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोयीचा, वेगाचा स्केल कमी ठेवा. मनगटावर रेडियल दाबून धरा आणि दाबाच्या पुढे, अंगठ्याकडे बघा: प्रवाह उलटला तर अल्नरकडून रक्त पोचतंय. कुदळीने घट्टे पडलेल्या तळहाताला जेल सढळ हाताने लावावं लागतं, नाहीतर चित्र काळंच येतं.

मनगटात मीडियन नर्व्हला (मज्जातंतूला) चिकटून धमनी दिसली तर तीही नोंदवा. कार्पल टनेलचं (मनगटात दबलेला हाच मज्जातंतू मोकळा करण्याचं) ऑपरेशन करणाऱ्याला ती आधी कळायला हवी. रिपोर्टमध्ये नुसतं 'व्हेरिएशन आहे' लिहून भागत नाही. कुठली धमनी, कोपराच्या घडीपासून किती सेंटिमीटरवर फुटली, व्यास किती, सगळं लिहा आणि कातडीवर पेनाने रेघही ओढून द्या.