दोन इंच उंचीसाठी: जुन्या जिप्सीचे पाटे बदलताना

माझी जुनी मारुती जिप्सी किती उंच करायची हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी हाती घेतला. आधी ती नेमकी कुठे घासते ते बघायचं होतं. वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला आमचं शेत आहे. डांबरी सोडली की शेतापर्यंतची वाट ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल गेलेली आहे. दोन्ही बाजूंना चाकोऱ्या आणि मध्ये दगडगोट्यांचा उंचवटा. पाऊस सुरू व्हायच्या आधी मी गाडीखाली शिरून डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा एक्सलवरचा गिअरचा गोळा), पाट्यांच्या (गाडी पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगांच्या) खालच्या प्लेटा, ट्रान्सफर केसखालचं (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद देणाऱ्या गिअरपेटीखालचं) कव्हर, सायलेन्सरचा पाईप, सगळ्याला घट्ट कालवलेला चुना फासला आणि त्या वाटेने शेतावर जाऊन आलो. जिथला चुना खरवडला गेला तिथे गाडी अडते, एवढं साधं गणित.

मागच्या डिफरन्शियलच्या तळाचा चुना गेला होता, पण हलकाच. पाट्यांच्या प्लेटा आणि पाटा एक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टची खाली लोंबणारी टोकं चांगलीच घासली होती. ट्रान्सफर केसखालचं कव्हर आणि सायलेन्सरचा पाईप तर पार उघडे पडले होते. पुढचा सगळा निर्णय या खुणांवरून झाला.

जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच कणा. डिफरन्शियल त्या एक्सलमध्येच बसलेलं असतं आणि एक्सल चाकांवर. त्यामुळे पाटे कितीही उंच केले तरी चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी वर जाते, डिफरन्शियल जमिनीपासून होतं तेवढंच राहतं. ते वर न्यायचं तर टायरचा व्यास वाढवणं हा एकच मार्ग. उंच केलेली गाडी बघून आपल्याला वाटतं की खाली भरपूर जागा झाली, पण एक्सलखाली वाकून पाहिलं तर तिथे काहीच बदललेलं नसतं. ज्याला गाडी उंच करायची हौस आहे त्याने पैसे काढायच्या आधी हे एकदा वाकून बघावंच, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आधी टायर ठरवले. जिप्सी किंगला कंपनीचे २०५/७० आर १५ यायचे, त्यांचा व्यास साधारण ६६८ मि.मी. भरतो. २१५/७५ आर १५ घेतले तर तो ७०३ च्या आसपास जातो, म्हणजे एक्सल सुमारे १८ मि.मी. वर. २३५/७५ आर १५ घेतले तर जवळपास ३३ मि.मी. वर. आकड्यांत २३५ जिंकतात आणि पुष्कळ लोक तेच लावतात. पण त्यांना कंपनीच्या अरुंद रिमा पुरत नाहीत, रुंद रिमांचा खर्च वेगळा होतो. शिवाय व्यास दहा टक्क्यांनी वाढला की गिअर तेवढेच लांबतात. १.३ लिटरचं ८० अश्वशक्तीचं इंजिन चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दम टाकायला लागतं. कठीण वाटेवर जोर वाढवणाऱ्या ट्रान्सफर केसमधल्या लो गिअरचं २.२६८ हे प्रमाणही फार मोठं नाही, तेही आणखी पातळ होतं. आमच्या वाटेवर डिफरन्शियल हलकंच टेकत होतं. १८ मि.मी. मला पुरेसे होते. २१५ घेतले, मूळ रिमांवरच बसवले.

आता पोट वर न्यायचा प्रश्न राहिला. टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली. मागची ड्रायव्हरची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा जवळपास पाऊण इंच खाली होती आणि चारही पाटे सरळ पट्टीसारखे झोपलेले होते. जुन्या गाडीत असं होतंच. वर्षानुवर्षं वजन घेऊन पोलादाची कमान उतरते. म्हणजे मला हव्या असलेल्या दोन इंचांतला बराचसा भाग गाडीची स्वतःचीच गमावलेली उंची होती. ती आधी परत मिळवायची, मग वरचं थोडं मागायचं.

स्वस्तातले रस्ते बरेच सुचवले गेले. ‘लांब शॅकल टाका, दोन तासांचं काम,’ असं एका गॅरेजमध्ये सांगितलं. शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी. तो दोन इंच लांब केला की एक्सलजवळ उंची मिळते एकच इंच. आणि जिप्सीत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, सगळा एक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. चाकाला आपणहून सरळ व्हायला लावणारा कोन तोच. तो गेला की महामार्गावर गाडी सैरभैर पळते, स्टिअरिंग सतत धरून ठेवावं लागतं. पाटा आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर घालून तो कोन परत मिळवता येतो, पण मग स्वस्तातलं काम स्वस्त राहत नाही.

दुसरा सल्ला होता जादा पाटा घालण्याचा. जिप्सी रिकामी साधारण टनभराची. तिचे पाटे मुळातच कडक, त्यात आणखी एक घातला की उंची मिळेल, पण चाक खड्ड्यात उतरायचंच नाही. चाक हवेत राहिलं तर डिफरन्शियल सगळी ताकद त्या हवेतल्या चाकालाच देतं आणि गाडी जागेवर उभी राहते. खराब वाटेवर मऊ, लांब हालणारे पाटे उंचीपेक्षा जास्त कामाला येतात.

तिसरा सल्ला पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवण्याचा. त्यात पाचेक इंच उंची मिळते आणि पाट्यांच्या प्लेटाही खाली लोंबत नाहीत. दगडांत खेळणाऱ्यांसाठी तो मार्ग चांगला आहे, हे मी मान्य करतो. पण त्यात एक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टिअरिंगचे रॉड बदलावे लागतात, ब्रेकचे पाईप आणि प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणारे दांडे) लांबवावे लागतात. माझी गाडी त्याच आठवड्यात भाजी घेऊन पुण्याला जाते आणि आई शेजारी बसलेली असते. तिचे गुडघे दुखतात. पाच इंच वर गेलेल्या सीटवर तिला चढवणार कोण?

कायद्याची बाजूही बघितली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. म्हणून बॉडी, चेसिस, इंजिन यांना हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. टायर आणि पाट्यांचं विमा कंपनीला काम सुरू करण्यापूर्वी लेखी कळवलं आणि पोच घेतली.

शेवटी पाटे घडवून घ्यायचं ठरलं. सातारा रस्त्यावर ट्रकचे पाटे करणारे एक कारागीर आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांना मी पहिलं विचारलं, ‘अण्णा, कमान थंड मारता की तापवून?’ जुन्या पाट्याला थंडच ठोकून कमान देता येते. स्वस्त पडतं आणि गाडी लगेच उंच दिसते, पण काही महिन्यांत ती कमान परत झोपते. पाटा लाल होईपर्यंत तापवून, साच्यावर वाकवून, तेलात बुडवून कडक करायचा आणि मग पुन्हा बेताचा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, ही नीट पद्धत. अण्णा म्हणाले, ‘तापवूनच करतो, पण घाई करायची नाही.’ मला हेच ऐकायचं होतं.

जाडीवर आमचं बराच वेळ बोलणं झालं. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मि.मी.च्या जागी ७ मि.मी.ची पट्टी घेतली तर तो पाटा सुमारे ६० टक्क्यांनी कडक होतो. एक मिलिमीटर हातात धरून कळतही नाही, पण कंबरेला कळतो. आम्ही पट्ट्यांची जाडी मूळचीच ठेवली, संख्या मूळचीच ठेवली आणि फक्त कमान वाढवली. कमान वाढली की दोन डोळ्यांमधलं (पाट्याच्या टोकांच्या गोल वळ्यांमधलं) अंतर कमी होतं आणि शॅकल आत ओढला जातो, म्हणून मेन पाटा, म्हणजे डोळे असलेली सगळ्यात लांब पट्टी, किंचित लांब घेतला. शॅकल नसलेल्या टोकाच्या डोळ्यापासून सेंटर बोल्टचं (पट्ट्या मध्ये एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) भोक मात्र जुन्या मापावरच ठेवलं. ते हललं तर एक्सल पुढे-मागे सरकतो आणि एका बाजूचा चुकला तर गाडी तिरकी पळते. पट्ट्यांच्या टोकांच्या कडा घासून गोल केल्या आणि मध्ये ग्रेफाइटचं ग्रीस लावलं, म्हणजे त्या एकमेकींवर करकरत नाहीत.

बसवायचं काम आमच्या नेहमीच्या मेकॅनिकच्या शेडमध्ये केलं. मी पाने देत होतो, तो काम करत होता. गाडी चेसिसखाली घोड्या लावून उचलली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली त्याने मला शिरूच दिलं नाही. मावळातल्या पावसाने पाट्यांच्या डोळ्यांतले बोल्ट बुशातच गंजून बसले होते. आदल्या दिवसापासून तेल सोडत होतो, तरी मागचे दोन शेवटी ग्राइंडरने कापावे लागले. जुनी गाडी असेल तर नवे बोल्ट, नवे बुश आणि नवे यू-बोल्ट आधीच आणून ठेवावेत. यू-बोल्ट तर जुने परत वापरूच नयेत, आवळून आवळून ते ताणलेले असतात.

एक गोष्ट त्या मेकॅनिकने फार नीट केली. डोळ्यांचे बोल्ट त्याने गाडी हवेत असताना नुसते अडकवून ठेवले आणि चाकांवर वजन आल्यावरच पक्के आवळले. हवेत आवळले तर रबरी बुश लोंबत्या पाट्याच्या कोनातच पकडला जातो, गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

मग शॉकअप. नवे घेण्याआधी जुने काढून एक्सल पूर्ण खाली सोडला आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं. मग एक चाक जॅकने वर ढकलत बंप स्टॉप (एक्सलला वर अडवणारा रबरी ठोकळा) टेकेपर्यंत नेलं आणि पुन्हा मोजलं. पहिल्या मापापेक्षा शॉकअप जास्त उघडायला हवा आणि दुसऱ्यापेक्षा जास्त मिटायला हवा. नाहीतर खड्ड्यात एक्सलचं सगळं वजन शॉकअपच्या टोकाला लोंबतं. या मापाचे मागचे शॉकअप थोडे लांब लागले. त्याच वेळी ब्रेकचे रबरी पाईपही बघितले. पुढचा एक पाईप एक्सल खाली गेल्यावर तंग होत होता, म्हणून सगळेच लांब मापाचे घेतले. इथे काटकसर करायची नाही.

प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला होता, पण सरकत्या जोडाचे दाते पुरेसे आत होते. ट्रान्सफर केसकडचा आणि डिफरन्शियलकडचा कोन सारखा राहिला की दोन्हीकडच्या क्रॉसचे (शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांचे) हिसके एकमेकांना मारतात आणि गाडी थरथरत नाही. चालवून पाहिली, थरथर आली नाही. स्टिअरिंग मात्र वाकडं झालं होतं, ते ड्रॅग लिंकची (स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणाऱ्या रॉडची) लांबी जुळवून सरळ केलं. हेडलाइटही खाली वळवून घेतले, उंच झालेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

किंगपिनच्या (ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं त्या खिळ्याच्या) बेअरिंगांकडे मी आधीच लक्ष दिलं होतं. चाक उचलून वर-खाली हलवलं तेव्हा डावीकडे किंचित खेळ लागला. मोठे टायर लावले की असा छोटा खेळही स्टिअरिंगच्या जोरदार थरथरीत फुटतो, त्यामुळे बेअरिंग त्याच वेळी बदलून टाकली. पैशांचं सांगायचं तर सगळ्यात जास्त टायरांना गेले, पाटे घडवणं त्याच्या निम्म्याच्याही खाली झालं.

पहिल्या आठवड्यात गाडी जरा जास्तच उंच वाटली. नवे पाटे बसायला वेळ घेतात. पाचेकशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले, तेव्हा प्रत्येक नट थोडा फिरला. त्यानंतर मोजलं तर चारही बाजू जवळपास सारख्या आणि आधीपेक्षा दोन इंचांना किंचित कमी. यू-बोल्टचे खाली उरलेले आटे कापून टाकले, त्यामुळे प्लेटांखालीही थोडी जागा झाली. आईसाठी दाराखाली नळीची एक पायरी बसवली. सायलेन्सरचा पाईप अजून एका जागी खाली येतो. तो चेसिसच्या आतल्या बाजूने वळवून घ्यायचा आहे, भाताची लावणी उरकली की गाडी परत शेडमध्ये नेणार आहे.