जुन्या जीएमसीत आईबरोबर

आज आईला घेऊन पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सवाला गेले होते. जुन्या जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या जुन्या इस्पितळाच्या, पायऱ्या चढली आणि थबकलीच. "अगं, तुझा जन्म इथलाच!"

झालं. चित्रं राहिली बाजूला, आम्ही बाळंतिणींचा वॉर्ड शोधत सुटलो. पोर्तुगीजांनी १८४२ मध्ये सुरू केलेली वैद्यकशाळा पुढे इथं नांदली. इस्पितळ बांबोळीला गेलं, आणि २००४ मध्ये इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा या आवाराचा कायापालट झाला. पाडलं नाही, हेच नशीब. आता जिथं खाटा असतील तिथं काळोख करून पडद्यावर कसलीशी फिल्म चालू. आईला ओळखीच्या वाटल्या त्या फक्त उंच खिडक्या. तिथून मांडवी दिसायची म्हणे.

माझं आपलं एकच मागणं: नोव्हेंबर-डिसेंबरच्या गर्दीपुरतं नको, वर्षभर इथं घुमट वाद्याचे, फुगडीचे, नाटकाचे वर्ग भरावेत. पावसाळ्यात गावच्या भजनी मंडळांना तालमीला जागा मिळत नाही, आणि इथल्या खोल्या केवढ्या मोठ्या!

दारावरच्या स्वयंसेवक पोरानं विचारलं, "काय शोधताय?"

आई म्हणाली, "खाट."

तो बिचारा माहितीपत्रकात त्या नावाची कलाकृती शोधायला लागला.