फाटकाबाहेरचा माठ

२०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी दोनला फाटक वाजलं. भंडाऱ्याकडचे एक आजोबा उभे. डोक्याला दुपट्टा, हातात रिकामी बाटली. सून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती. "पानी भेटन का माय?"

बाटली भरून दिली आणि परत कूलरसमोर येऊन पडले. पण डोळा लागेना. आमची गल्ली मेडिकल चौकापासून चालत दहा मिनिटांवर. पार गडचिरोली, बालाघाटहून लोक पेशंट घेऊन येतात. आजोबांनी फाटक तरी वाजवलं. ज्यांना लाज वाटली ते तसेच पुढे गेले असणार.

त्याच बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारातून वीस लिटरचा तोटीचा माठ आणला आणि कडुलिंबाच्या सावलीत तिवईवर ठेवला. झाली आमची पाणपोई! ना फीत, ना फ्लेक्स. एप्रिलमध्ये चौकाचौकांत ज्या पाणपोया उगवतात, त्यांच्यावर माझा जुना राग आहे. फोटोतले साहेब हात जोडून हसत असतात आणि मेअखेरचा नवतपा लागेस्तोवर खालचे माठ ठणठणीत कोरडे. उद्घाटनाला अर्धा तास पुरतो. भरायला मात्र रोज कुणीतरी लागतं.

आणि हे 'रोज' मला तरी कुठे जमत होतं? पहिल्याच वर्षी मी माठ भांड्यांच्या साबणाने घासला. मातीच्या छिद्रांत साबण मुरला आणि आठवडाभर पाण्याला लिंबाचा वास! एक भाजीवाली घोट घेऊन म्हणाली, "काकू, सरबत केलं काय जी?" तेव्हापासून नुसतं पाणी आणि नारळाची शेंडी. माठ गार ठेवतात तीच छिद्रं. त्यातून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. कूलरच्या ताटीचंही तेच. म्हणून तर आपल्या कोरड्या उन्हात दोन्ही झकास चालतात आणि पावसाळी दमटपणात दोन्ही रुसतात. माठाची जागाही मोकळ्या वाऱ्याची हवी. मी आधी तो भिंतीच्या कोपऱ्यात कोंबला होता.

स्टीलचे चार पेले महिन्याभरात गेले. साखळीने बांधू, असं हे म्हणाले. मला ते पटेना. पाणी द्यायचं आणि वर चोरही ठरवायचं? तोटी होतीच, बहुतेकांकडे बाटली असते, आणि नसेल तो ओंजळ धरतो.

खरी फजिती झाली ती पक्ष्यांच्या पाण्याची. मातीच्या परळात मी रोज वरून पाणी घालायची आणि स्वतःवर खूश असायची. एक दिवस डासअळ्या तपासणारी मुलगी आली, तिने टॉर्च मारला. आत अळ्या वळवळत होत्या! डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं घासून कोरडं करावं लागतं. पुण्य कमावता कमावता मी गल्लीला डास पुरवत होते. आता दर शनिवारी परळ आणि माठ दोन्ही उपडे.

तिवईजवळ एका डबीत मीठ-साखर असते. लिटरभर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंप भरले आणि पाजायचं काम पेशंटच्या नातेवाइकांवर सोपवलं. शंभरातले तीसेक दगावत होते, ते चारच्याही खाली आले. हे वाचल्यापासून मला त्या पाजणाऱ्यांचंच जास्त वाटतं. हातात पेला घेऊन रात्र रात्र जागलेल्या कुणाच्या आया, कुणाचे भाऊ. अर्थात ऊन लागून जो बरळतोय त्याला काही पाजत बसायचं नाही, घशात अडकतं. सावलीत न्यायचं, अंग ओलं करायचं आणि १०८ ला फोन.

गेल्या मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले. हे घरी होते, त्यांनी भरायचं कबूल केलं होतं. बारा दिवसांनी परतले तर माठाला तडा आणि तळाशी धूळ. यांना बोलायला तोंड उघडणार, तोच तिवईला सुतळीने बांधलेला पुठ्ठा दिसला. त्यावर कोळशाने, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं : 'पानी नाही. गाडीवरून उतरू नका. समोरच्या मंदिरात हाय.'

कुणी लिहिलं ते कळलं नाही. यांना तर पुठ्ठा दिसलाही नव्हता.

नवा माठ आणला. तो दोन दिवस भिजवावा लागतो, तेवढे दिवस पुठ्ठा राहू दिला.